अलमारीला पहिला हात

जुनी अलमारी रंगवायला काढण्याआधी तिचं वय ठरवावं, असं बहुतेक जाणकार सांगतात. लोणारमध्ये राहणाऱ्याने ही पायरी सरळ गाळावी. इथल्या सरोवराच्या उल्काखड्ड्याचं वय एका पद्धतीने मोजलं तर ५० हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. प्रयोगशाळांचा हिशेब जिथे दहापटीने हुकतो, तिथे स्वयंपाकघरातल्या जाळीच्या अलमारीवर घरच्यांचं एकमत कुठून होणार? आजी म्हणेल, ही माझ्या आंदणातली. मोठे काका म्हणतील, आंदणातली मेहकरला आत्याकडे गेली, ही बाबांनी बाजारातून आणली. मधल्या काकू काही बोलणार नाहीत, नुसत्या हसतील. म्हणजे तिसरीच काहीतरी भानगड आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या धरा आणि कामाला लागा.

सूचना नवशिक्यांसाठी आहेत. नवशिका म्हणजे जो दिवाळीला पुण्याहून गावी येतो, चहाचा कप हातात घेऊन माडीवर जातो आणि गव्हाच्या पोत्यांमागे उभी असलेली अलमारी बघून "अरे, हे तर अँटिक आहे!" असं ओरडतो, तो. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारचं सरोवर साधारण असंच शोधून काढलं. त्या वेळी काठावर कित्येक शतकांची देवळं उभी होती आणि गाव आपल्या कामात होतं. शोध लागला म्हणून सरोवर कुठे पळालं नाही. अलमारीही पळणार नाही, तेव्हा घाई नको.

या नवशिक्याने आदल्या रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र एप्रनमध्ये, एकही डास नसलेल्या खोलीत, अर्ध्या मिनिटात कपाट रंगवतात. मग तोच रंग कडेकडेने घासून काढतात, कपाट जुनं दिसावं म्हणून. हा शेवटचा प्रकार घरी कोणाला सांगू नका. आधी पैसे खर्चून नवी करायची आणि मग कष्ट करून जुनी, हे ऐकून आजी तुमच्या शिक्षणाबद्दल काही प्रश्न विचारील आणि त्यांची उत्तरं तुमच्याजवळ नसतील.

परवानगी

घरातली अडगळीतली वस्तू कोणाचीच नसते. तिला ब्रश लागायची वेळ आली की सगळ्यांची होते. म्हणून आधी विचारून घ्या. विचारताना "रंगवू का?" असं विचारू नये, त्याला "कायले?" एवढंच उत्तर येतं. "विकायची का?" असं विचारावं. मग जो गलका होईल तो शांत झाल्यावर हळूच म्हणावं, बरं, नाही विकत, निदान रंग तरी देऊ. या मार्गाने मिळालेली परवानगी पक्की असते. तरी पहिल्या दिवशी अंगणात खरवडायला बसलात की आजी दारात येऊन उभी राहीलच.

"काहून खरडून राह्यला रे बापा? चांगली होती की."

"आजी, रंग द्यायचा आहे तिला."

"रंग तं आहेच तिले."

यावर वाद घालू नका. तिचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे.

रिकामी करणे

या पायरीला एक दुपार लागते असं लोक सांगतात. ते एकत्र कुटुंबात राहिलेले नसतात. मेहकरला १८८८ साली जमिनीखालून शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली आणि सगळा परगणा लोटला. तुमच्या अलमारीतून निघणाऱ्या ऐवजाला तेवढी गर्दी होणार नाही, पण भांडण त्याहून जास्त होईल. दांडा हरवलेलं पुरणयंत्र. नुसता दांडा, पण तो दुसऱ्याच यंत्राचा. झाकण नसलेली चिनी मातीची बरणी आणि तिच्यात कोणाच्या तरी लग्नातल्या सुपाऱ्या. वाट्यांची चळतच्या चळत, प्रत्येक वाटीवर सुईने टोचून काढलेलं नाव आणि तारीख. त्यांतली तीन नावं तुमच्या घराण्यातली नाहीतच, म्हणजे त्या वाट्या कधीतरी शिरा घेऊन आल्या आणि परत गेल्या नाहीत. मागच्या बाजूला रेशनकार्डाची झेरॉक्स. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, जे फेकायला निघालात की "राहू द्या, कामात येते" म्हणून परत ठेवलं जातं.

एकही वस्तू स्वतः फेकू नका. सगळं एका चादरीवर मांडा, चादर माजघरात ठेवा आणि तिथून निघून जा. संध्याकाळपर्यंत वस्तू आपापल्या मालकांकडे गेलेल्या असतील. उरेल ते पुरणयंत्र.

लाकूड ओळखणे

आता अलमारी भिंतीपासून ओढून उजेडात घ्या. आधी पाय बघा. जाळीच्या अलमारीचे पाय पूर्वी पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, दुधातुपाला मुंग्या लागू नयेत म्हणून. मुंग्या अडल्या, पण पाणी लाकडात चढत गेलं. म्हणून चारही पायांना खालून बोटभर उंचीचा एक काळा पट्टा दिसेल. तिथे खिळ्याचं टोक दाबा. टणक लागलं तर नशीब. खिळा लोण्यात शिरल्यागत आत गेला तर तेवढा भाग सुताराकडून कापून नवीन तुकडा जोडून घ्या. हे स्वतः करू नका. एक पाय जरासा आखूड झाला म्हणून दुसरा कापायचा, मग तो आखूड झाला म्हणून तिसरा, अशाने अलमारीचे पाट झालेले आहेत.

मग पाठीमागे, दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा रंग खरवडा. सागवान असेल तर सोनेरी तपकिरी लाकूड दिसतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि ताज्या जागेला कमावलेल्या चामड्याच्या जवळ जाणारा वास येतो. अख्खी अलमारी सागाची निघाली तर माझं मत स्पष्ट आहे: रंगाचा नाद सोडा, सगळं उतरवा आणि लाखेचं पॉलिश करून घ्या. पण तसं निघत नाही. आपल्याकडच्या सुतारांनी चौकटीला साग वापरला, फळ्यांना आंबा, आणि पाठीला एखाद्या मालाच्या खोक्याच्या फळ्या. उलट्या बाजूला अजून छापाची अक्षरंही सापडतात. गिऱ्हाइकाच्या ऐपतीत बसेल ते लाकूड लावायचं आणि वरून रंग मारायचा, असा तो व्यवहार होता. अशा अलमारीवर पॉलिश केलं तर तीन जातींची लाकडं तीन दिशांना तोंडं करून बसतात. तिला रंगच शोभतो.

शेवटी पेचकसाच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पुढे जा. बद्द आला तर आत वाळवीने घर केलंय. बारीक गोल भोकं आणि त्यांच्याखाली ताजी पिवळसर पिठी दिसली तर घुण अजून कामावर आहे. लाकडासाठी मिळणारं औषध सिरिंजने भोकाभोकांत सोडा, पण बाहेरून आणि पाठीकडून. आतल्या फळ्यांवर नाही. तिथे उद्या पापड असणार आहेत.

मुहूर्त

वैशाखात रंगवू नका. लोणारच्या उन्हात रंगाला वरून साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो; आठ दिवसांनी बोट लावलं तर साय सरकते. पावसाळ्यात रंगवू नका, लाकूड फुगलेलं असतं, झाकणारी दारं झाकत नाहीत आणि रंगाची चमक जाते. दसऱ्याच्या आगेमागे रंगवू नका, कारण तेव्हा शिवारभर सोयाबीन निघतं, मळणीयंत्रं चालू असतात आणि त्यांचं भुसकट तुमच्या ओल्या रंगाचा पत्ता शोधत येतं. दिवाळीत रंगवू नका, अंगण रिकामं नसतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा माणसं रिकामी नसतात.

उरले पौषातले दिवस. लग्नं नाहीत, धूळ कमी, ऊन सोसवेल असं. पण सकाळी दव असतं, म्हणून दहाच्या आधी ब्रश उघडू नका आणि तीनच्या पुढे नवा हात सुरू करू नका. दिवाळीला आलेला नवशिका तोवर पुण्याला परत गेलेला असतो, ही यातली मुख्य अडचण.

खोलणे

दारं काढा, बिजागऱ्या काढा, कडी-कोयंडा काढा, जाळी काढा. वाचायला सोपं आहे. स्क्रूच्या खाचेत घरातल्या सगळ्या लग्नांचा रंग भरलेला असतो. जुन्या ब्लेडने किंवा खिळ्याने ती खाच आधी साफ करा, मग रॉकेलसारखं काही थेंबभर सोडा, अर्धा तास थांबा, आणि पेचकस खाचेत पूर्ण बसतो याची खात्री करून जोर लावा. अर्धवट बसलेला पेचकस खाच खाऊन टाकतो, मग ब्रह्मदेव आला तरी तो स्क्रू निघत नाही.

प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा: डावं वरचं, उजवं वरचं. दोन्ही दारं सारखीच दिसतात, पण इतक्या वर्षांत प्रत्येक दार आपापल्या बाजूने झिजून बसलेलं असतं. अदलाबदल केली तर एक लागत नाही आणि दुसरं उघडत नाही. जाळी गंजलेली असेल तर नवी आणा. जुन्या जाळीवर ब्रश फिरवू नका. भोकं बुजतात आणि अलमारीला मोतीबिंदू होतो.

धुणे

आता लोणारकरांना जिथे जन्मतःच अधिकार आहे अशा पायरीकडे येऊ. अलमारी स्वयंपाकघरात होती. तिच्यावर चुलीचा धूर, फोडणीची वाफ आणि तेलाचे हात असा एक चिकट थर आहे. या थरावर जगातला कुठलाही रंग बसत नाही. बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या उन्हाळ्यात पापडासारखा सुटतो. हा थर काढायला धुण्याचा सोडा लागतो. गरम पाण्यात सोडा, हातात रबरी मोजे, जुनं फडकं. तेलाला खार भेटला की त्याचा साबण होतो आणि साबण पाण्याबरोबर निघून जातो, एवढंच यामागचं शास्त्र.

हे शास्त्र इथे जुनं आहे. सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण १०च्या घरात असतो आणि त्यात मिठाबरोबर सोडा भरलेला आहे. अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी'त मेहकर सरकारची, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्याची, नोंद करताना लोणारला काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो असं लिहून ठेवलं. पुढे इंग्रजी अमलातही इथला खार निघत होता, विकला जात होता. बांगड्यांची काच आणि कपड्यांचा साबण या दोहोंसाठी त्याला मागणी होती.

हे वाचून नवशिक्याच्या डोक्यात जो विचार आला तो मला कळला आहे. बादली खाली ठेवा. सरोवर अभयारण्य आहे, २०२० च्या नोव्हेंबरपासून रामसर स्थळ आहे, आणि त्यातलं काही उचलून आणणं गुन्हा आहे. शिवाय त्या पाण्यातलं मीठ लाकडात मुरेल, हवेतला ओलावा ओढत राहील आणि दर पावसाळ्यात रंगाला आतून ढकलेल. किराणा दुकानातली सोड्याची पुडी आणा. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याने नीट पुसा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला म्हणजे खाराचा अंश मरतो, आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. भिजवून ठेवू नका. सोड्याने लाकूड काळवंडू शकतं.

आजी याही वेळी येईल आणि राखेने घासलं असतं तर निघालं असतं म्हणेल. बरोबर आहे तिचं. राखेतही खारच असतो.

खरवडणे

खरं काम हे. बाकी सगळं याच्या आगेमागे.

आधी ठरवा, किती काढायचं. जुना रंग घट्ट बसला असेल तर तो उपटायची गरज नाही, नुसती त्याची चमक मारा. पापुद्रे सुटले असतील तिथे लांबीच्या (पुट्टीच्या) पत्तीने खरवडा. जिथे पाच-सहा थर चढून नक्षी बुजली आहे तिथे मात्र तळापर्यंत जावं लागतं.

आणि तळापर्यंत जाताना एक गोष्ट दिसते. सगळ्यात वर चॉकलेटी. त्याखाली दवाखान्यात असतो तसा फिका हिरवा. त्याखाली आभाळी निळा, मग एक बेधडक तांबडा, आणि अगदी खाली, लाकडाला चिकटलेला, करडा पांढरा सफेदा. नवशिका म्हणतो, वा, पूर्वीच्या लोकांना काय रंगांची जाण होती! जाण वगैरे काही नव्हती. या अलमारीसाठी आजवर कोणी रंग विकत आणलेलाच नाही. हिरवा म्हणजे आत्याच्या लग्नात दारं-खिडक्या रंगवल्या तेव्हा उरलेला. निळा फाटकाचा. तांबडा बैलगाडीचा किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा असणार, कारण स्वयंपाकघरात शुद्धीवर असलेला माणूस तो रंग लावणार नाही. चॉकलेटी तुमच्या वडिलांच्या लग्नातला. जुन्या फोटोत मांडवामागच्या खिडक्या बघा, हाच सापडेल. घराला रंग लागला की डब्याच्या तळाशी पावशेर उरायचा, वाळून वाया जाण्यापेक्षा तो अलमारीला जायचा. उरलेली भाजी ज्या हिशेबाने संध्याकाळच्या थालीपीठात जाते त्याच हिशेबाने. घरातली लग्नं कोणत्या क्रमाने झाली हे विसरला असाल तर पत्ती तिरकी धरून एक कोपरा खरवडा, सगळा क्रम बोटभर जागेत मिळेल. असा एक कोपरा पाठीमागे तसाच राखून ठेवावा असं मी सुचवीन. त्याला रंग लावू नका.

आता गंभीर सूचना, ही थट्टेत घेऊ नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या अलमारीवरचे बहुतेक थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. म्हणून कोरडं घासू नका. पाण्याचा घासपेपर घ्या, जागा ओली करा, मग घासा, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला चांगला मास्क लावा, रुमाल चालत नाही. आगीने किंवा गरम हवेच्या यंत्राने रंग जाळू नका, शिशाची वाफ त्याहून वाईट. खाली प्लॅस्टिक अंथरा, सगळा चुरा त्यातच बांधून कचऱ्यात द्या. उकिरड्यावर नको, तिथे कोंबड्या असतात. लहान पोरं आणि पोटुशी बाई आसपास नको. काम झाल्यावर कपडे वेगळे धुवा.

शिसं हा काही फक्त कारखान्यांचा उद्योग नाही. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच एक ऑक्साइड, आणि शेंदराच्या थरांवर थर चढवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शेंदराचा लेप २०२२ साली उतरवला, तेव्हा मंदिर दीडेक महिना दर्शनाला बंद ठेवावं लागलं, आणि आतून जे रूप दिसलं ते हयात असलेल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. तुमच्या अलमारीतून एवढं काही निघणार नाही. पण दाराच्या चौकटीवर, सहा थरांखाली, सुताराने पटाशीने कोरलेलं एखादं कमळ निघेल, आणि ज्या आजीने रोज चार वेळा ते दार उघडलं तिलाच ते माहीत नसेल. ती चष्मा पुसून बघेल आणि म्हणेल, "हे कव्हा आलं?" या क्षणी फोटो काढा. पुढे ती म्हणणार आहे की मला माहीतच होतं.

घासपेपर ८० नंबरपासून सुरू करा, मग १२०, मग २२०. लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवं घासलेलं रंगाखालूनसुद्धा दिसतं, आणि ते पाहुण्यांतल्या नेमक्या त्याच माणसाला दिसतं ज्याचा मेहुणा सुतार आहे.

लांबी आणि अस्तर

खाचा, भोकं, सांधे लांबीने भरा. एकदम जाड भरू नका. पातळ भरा, वाळू द्या, परत भरा, घासा. पूर्वी खडूची पूड आणि बेलतेल मळून लांबी घरीच करायचे, आता तयार डबा मिळतो. मळायची हौस असेल तर मळा, मात्र तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल म्हणजे जवसाचं तेल, ते वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवा.

मग लाकडाच्या प्रायमरचा एक हात. सागाच्या भागावर आधी थिनरचं फडकं फिरवा, त्याचं अंगचं तेल रंगाला टिकू देत नाही.

रंग निवडणे

या पायरीवर काम महिनाभर थांबतं. दुकानदार शेडकार्ड उघडतो, त्यात पांढऱ्याच्याच इतक्या जाती असतात की माणूस पांढरा पडतो. घरी प्रत्येकाचं मत वेगळं. वडील म्हणतात चॉकलेटी, मळ दिसत नाही. आई म्हणते फिका, झुरळ दिसतं. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत आणि एकाच अलमारीत बसत नाहीत. पुण्याहून फोन येतो की "सेज ग्रीन" घ्या, आणि तो मशीनवर मिसळून आणला की आजी ओळखते, हा तर आत्याच्या लग्नातलाच.

कोणीतरी गुलाबी सुचवील. लोणारमध्ये हा मोह होणारच. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीमुळे बघायला गर्दी करता आली नाही, फोटो मात्र जगभर फिरले. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपला रंग पसरला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं. काही काळाने तो रंग तळाला बसला आणि सरोवर पुन्हा आपल्या हिरव्यावर आलं. अस्तर न देता रंग लावला की असं होतं. अलमारीला गुलाबी द्यायला माझी हरकत नाही, पण आतल्या लोणच्याच्या बरण्या तिच्यासमोर फिक्या पडतील आणि लोणचं घालणारीला ते आवडणार नाही.

माझं ऐकाल तर बाहेरून कुठलाही एक शांत रंग घ्या आणि आतल्या फळ्या रंगवूच नका. घासून स्वच्छ ठेवा, वर कागद अंथरा. ऑइल पेंटचा वास महिनाभर डाळीला येतो. पाण्याच्या इनॅमलचा वास कमी, पण वाळायला तेवढाच संयम लागतो. साधारण पाच फूट उंच, तीन फूट रुंद अलमारीला बाहेरून दोन हातांना एक लिटर भरपूर होतो. दुकानदार दोन घ्यायला सांगेल.

रंग देणे

सगळ्या लेखातली ही सर्वांत सोपी पायरी, आणि बघायला सर्वांत जास्त लोक याच पायरीला येतात. डबा तळापासून ढवळा. साय असेल तर पातळ कापडातून गाळा. दोन इंची ब्रश घ्या, कोरडाच तळहातावर झटका म्हणजे सुटे केस आधीच निघतील. अर्धा ब्रश बुडवा, कडेला निथळा, लांब हात ओढा आणि पुढे जा. मागे वळून सारखं करायला जाऊ नका. वाळू लागलेल्या रंगावरून ब्रश फिरला की तिथे केस विंचरल्यासारख्या रेघा उठतात. आधी आतल्या कडा, मग वरून खाली, दारं आडवी ठेवून वेगळी. ओघळ आला तर ओला असतानाच उचला. पहिला हात रात्रभर वाळला की ३२० नंबरचा कागद अगदी हलका फिरवा, पुसा, मग दुसरा.

पहिला हात भयंकर दिसतो. ठिगळं दिसतात, खालचा निळा डोकावतो. नेमकं याच वेळी शेजारचे काका येतात, हात मागे बांधून दोन मिनिटं बघतात आणि "आधीची बरी होती" म्हणून जातात. त्यांना चहा द्या. दुसऱ्या हाताच्या दिवशी त्यांना बोलवू नका.

ओल्या रंगाला बोट लावून बघणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. त्याच्यासाठी एक फळी वेगळी रंगवून दारात ठेवा.

वाळणे आणि परत भरणे

हाताला वाळला म्हणजे वाळला असं नाही. वरून कोरडा लागणारा इनॅमल आतून पक्का व्हायला आठवडा घेतो, थंडीत जास्तच. एवढे दिवस अलमारी रिकामी ठेवणं हा घरातल्या बायकांवर अन्याय आहे आणि त्या तो सहन करणार नाहीत. दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर डबे आत जातात. आतल्या फळ्या रंगवल्याच असतील तर सकाळी डबा उचलायला गेलात की तो येत नाही, आणि आला तर आपल्या बुडाचं गोल वर्तुळ मागे ठेवून येतो. रंगवलेल्या कडेवर वर्तमानपत्र अंथरलं असेल तर त्याहून कठीण; कागद फाडून निघतो, अक्षरं राहतात, आणि पुढची वीस वर्षं जिरं काढताना तुम्ही एक जाहिरात उलटी वाचता.

म्हणून दारं बसवूच नका. दारं नसलेल्या अलमारीत कोणी काही ठेवत नाही, मांजर जाते. आठवडा गेला की जाळी ठोका, बिजागऱ्या लावा, खडूच्या खुणा बघून डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. पाय वाट्यांत ठेवायचे असतील तर पायांच्या तळाला रंगाचे दोन जादा हात द्या, लाकडाचं उघडं तोंड तिथेच पाणी पितं. कोणती फळी कोणाची, हा प्रश्न तुम्ही सोडवू नका. अलमारी उभी करा, भिंतीला टेकवा, हलत असेल तर पायाखाली पत्र्याची चकती घाला आणि बाजूला व्हा.

उरलेला रंग

पावशेर तरी उरतोच. झाकणाच्या कडेवरचा रंग पुसून घ्या, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने झाकण बसवा, डब्यावर तारीख लिहा. तोवर फाटकाच्या कडीला, दिवाणाच्या पायाला, मोटारच्या पेटीला आणि शेजारच्या काकांच्या स्टुलाला रंग हवा असल्याचं तुमच्या कानावर येईल. काका स्वतःच वाटी घेऊन येतील. डबा पोत्यांच्या मागे ठेवा, उलटा, म्हणजे साय तळाला धरते, आणि विचारलं तर संपला म्हणून सांगा.